खुले पत्र : किनाऱ्यावर झालेली युद्धे किनाऱ्यावरच्या ग्रंथालयांत वाचायला मिळावीत

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि सदस्य,

सादर नमस्कार.

बंदर खात्यातील एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या बदल्या रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत होत राहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी मी पहिल्या आठवड्यातच तिथल्या ग्रंथालयाचा सभासद झालो. युद्धांचा इतिहास हा माझ्या वाचनाचा विषय आहे. या किनाऱ्यावरील ग्रंथालयांनी मला पुष्कळ दिले, परंतु या एका विषयात मला बहुतेक वेळा पुण्या-मुंबईहून पुस्तके मागवावी लागली. ज्या समुद्रात, ज्या खाड्यांत आणि ज्या बेटांवर ती युद्धे झाली त्यांच्या काठावर बसून, त्या युद्धांचे ग्रंथ मात्र दोनशे-तीनशे किलोमीटरांवरून आणावे लागतात, ही स्थिती बदलणे आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्याकडे या विषयाची पुस्तके मुळीच नाहीत असे मी म्हणत नाही. आहेत, पण त्यांतील बरीचशी ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत आणि त्या ‘इतिहास’ या पाटीखाली लावलेल्या आहेत. कादंबरीविषयी माझ्या मनात अनादर नाही. लहानपणी मला इतिहासाची ओढ कादंबऱ्यांनीच लावली. परंतु कादंबरीतला संवाद लेखकाने रचलेला असतो आणि इतिहासग्रंथातले विधान कोणत्या तरी कागदावर उभे असते, हा भेद शाळकरी वाचकाला कपाटापाशीच कळायला हवा. पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणात युद्धशास्त्राला ३५५ आणि नाविक दलांना ३५९ असे स्वतंत्र क्रमांक आहेत. मी सभासद असलेल्या ग्रंथालयांत ३५९ या क्रमांकाचे एकही पुस्तक मला कपाटात दिसले नाही, आणि ती सगळी ग्रंथालये समुद्राच्या हाकेच्या अंतरावर होती.

हे ग्रंथ इथेच का असावेत, याचे कारण मला रेवदंड्याला नोकरीत असताना उमगले. १५०८ च्या मार्च महिन्यात चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराची गाठ इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांच्या आरमाराशी पडली. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो या लढाईत मारला गेला. त्याचे जहाज पाणी भरल्याने जड झाले होते आणि खाडीबाहेर पडताना ते कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले, असे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. पुस्तकात हे एका वाक्यात येऊन जाते आणि मीही ते तसेच वाचून पुढे गेलो होतो. पुढे खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्याची मासेमारी करणाऱ्या एका वयस्क कोळी गृहस्थांशी बोलता बोलता मी हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला की त्या वेळी भरती होती की ओहोटी. ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर ओढत असताना खुंटांच्या रांगेत आडवे सापडलेले गलबत मागे घेता येत नाही, प्रत्येक क्षणी प्रवाह त्याला अधिक घट्ट दाबत जातो, आणि दोर कापले तरी सुटका होईलच असे नाही, हे त्यांनी मला वाळूवर काड्या रोवून दाखवले. तोपर्यंत मी ती लढाई तोफांची समजत होतो. त्या दिवशी मला ती पाण्याची लढाई म्हणून दिसली. त्या गृहस्थांनी चौलच्या लढाईचे नावही त्यापूर्वी ऐकलेले नव्हते, कारण ती ज्यात आहे असे एकही मराठी पुस्तक त्यांच्या गावच्या वाचनालयात नव्हते.

युद्धाचा इतिहास म्हणजे केवळ कोण जिंकले, कोण हरले आणि कोण कसा धारातीर्थी पडला एवढाच नसतो. धान्य कुठून आले, दारूगोळा कोणी वाहिला, वारा कोणत्या दिशेचा होता, पैसा किती दिवस पुरला, पाणी गोडे होते की खारे, या प्रश्नांची उत्तरे जो ग्रंथ देतो तो मी युद्धाचा इतिहास मानतो. अशा ग्रंथाचा सर्वांत जाणता वाचक आपल्या किनाऱ्यावर आजही होडी हाकतो आहे.

खांदेरीचे उदाहरण मी मुद्दाम थोडे विस्ताराने देतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या ओसाड बेटावर तटबंदीचे काम सुरू करवले आणि मायनाक भंडारी यांच्याकडे ते सोपवले. मुंबईच्या इंग्रजांना हे सहन होणे शक्य नव्हते. त्यांनी ‘रिव्हेंज’ या लढाऊ जहाजासह लहानमोठी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे नागावच्या बाजूने मराठ्यांची गलबते मोठ्या संख्येने चालून आली आणि अल्पावधीत इंग्रजांचे ‘डोव्हर’ हे गुराब, म्हणजे मोठे शिडाचे लढाऊ जहाज, त्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ मात्र टिकून राहिले, त्याच्या तोफांनी मराठ्यांच्या काही गलबतांचे नुकसान केले आणि उरलेली गलबते नागावच्या खाडीत परतली. या लढाईत जय कोणाचा झाला यावर वाद घालता येईल. परंतु नाकेबंदीचा हेतू बेटाची रसद तोडणे हा होता आणि तो साधला नाही, याविषयी दुमत असू नये. मोठ्या शिडाच्या जहाजाला वारा पडला की जागीच उभे राहावे लागते. कमी पाण्यात तरंगणारे, वल्ह्यांवर चालणारे गलबत त्याच वेळी, आणि विशेषतः रात्री, त्याच्या शेजारून निघून जाते. पाठलाग करायचा तर उथळ खाडीत जहाज रुतते. इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईला लिहिलेल्या पत्रांत हीच हतबलता पुनःपुन्हा नोंदलेली आहे. पुढे सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले आणि प्रकरण गुंतागुंतीचे झाले, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली, आणि १७१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्याकडून ती घेण्याचा इंग्रजांचा प्रयत्नही फसला.

आता याच्या शेजारी जगाचा इतिहास ठेवून पाहावा. भूमध्य समुद्रात ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपान्टोची लढाई झाली आणि वल्ह्यांच्या जहाजांची ती अखेरची मोठी लढाई, असे युरोपीय ग्रंथ सांगतात. त्याच १५७१ मध्ये चौलला निजामशाही फौजांचा पोर्तुगीजांभोवतीचा वेढा उठला होता. लेपान्टोनंतर १०८ वर्षांनी खांदेरीच्या पाण्यात मात्र वल्हीच नाकेबंदीला पुरून उरली. अमेरिकन नौदल अधिकारी आल्फ्रेड महान याचा सागरी सत्तेवरील प्रसिद्ध ग्रंथ १८९० मध्ये निघाला आणि त्याने त्यासाठी १६६० ते १७८३ हा कालखंड निवडला. सिंधुदुर्गाची पायाभरणी, खांदेरी, कान्होजी, वसई आणि विजयदुर्गचा पाडाव हे सारे त्याच कालखंडात बसते. मोठ्या जहाजांचे एकवटलेले आरमार समुद्रावर सत्ता गाजवते, हा त्याचा सिद्धान्त खांदेरीसमोर कितपत टिकतो आणि विजयदुर्गसमोर कितपत खरा ठरतो, ही चर्चा अलिबागच्या किंवा देवगडच्या वाचनालयात व्हायला काय हरकत आहे? त्यासाठी एका कपाटात दोन्ही प्रकारची पुस्तके हवीत. जगाच्या युद्धेतिहासाची मराठीतली पुस्तके थोडी असतील, परंतु जी आहेत ती घेतली जावीत आणि इंग्रजीतली निवडक पुस्तकेही असावीत, कारण गावागावांतून आज महाविद्यालयात जाणारी मुले ती वाचू शकतात.

माझे घर देवगड तालुक्यात आहे आणि विजयदुर्गचा तट मी आयुष्यभर पाहत आलो आहे, त्यामुळे पुढचे लिहिताना मन तटस्थ राहत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि त्यासोबत क्लाइव्हच्या हाताखालचे सैन्य या किल्ल्यासमोर आले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती, कारण किल्ल्याचे आणि तिथल्या आरमाराचे धनी तुळाजी आंग्रे यांना नमवण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. तोफांच्या माऱ्यात एक पेटता गोळा किल्ल्याखाली उभ्या असलेल्या एका जहाजावर पडला. ‘रिस्टोरेशन’ नावाचे ते जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच घेतलेले होते. जहाजे एकमेकांना बांधून ठेवलेली असल्यामुळे आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि मराठ्यांच्या आरमाराचा सर्वांत बलाढ्य भाग काही तासांत जळून गेला. वॉटसनच्या ‘केंट’ या जहाजावरील शल्यवैद्य एडवर्ड आयव्हझ याने हे स्वतः पाहिले आणि त्याचे प्रवासवर्णन १७७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाडावानंतर सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना परत मिळाला तो ऑक्टोबरमधील तहाने, आणि त्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे राहिले.

शाळेच्या पुस्तकांत ही हकीकत इथे संपते. परंतु वॉटसन आणि क्लाइव्ह इथून मद्रासेकडे गेले आणि त्याच वर्षी हेच आरमार बंगालकडे निघाले. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले, मार्चमध्ये चंद्रनगर घेतले, आणि २३ जून १७५७ ला प्लासी झाली. आमच्या वाघोटन खाडीच्या तोंडाशी ज्यांनी तोफा डागल्या त्यांच्याच हातून सोळा महिन्यांनी बंगालचा निकाल लागला, हे मला वयाच्या पन्नाशीत, एका इंग्रजी ग्रंथातून, तोही उसना आणून वाचल्यावर कळले. किल्ल्याच्या पायथ्याच्या शाळेत शिकलेल्या माणसाला हे इतक्या उशिरा कळावे, याचे मला आजही वाईट वाटते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ हे त्यातले वाक्य आपल्या सभागृहांतल्या भाषणांत नेहमी ऐकू येते. पण त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तिच्या राजीखुशीशिवाय आणि मोल दिल्याशिवाय तोडू नयेत, अशी ताकीद आहे. गुराब किती मोठे असावे, आरमाराचा खर्च कसा चालवावा, पावसाळ्यात जहाजे कुठे छावणीस ठेवावीत, याचाही विचार आहे. एका वाक्यापलीकडचे हे सगळे वाचायचे तर तो लहानसा ग्रंथ प्रत्येक ग्रंथालयात असला पाहिजे, आणि त्याची किंमत एखाद्या जाडजूड कादंबरीपेक्षा कमीच असते.

पुस्तके निवडताना कसोटी कोणती लावावी, असे आपण विचाराल. मी चाळताना आधी नकाशा पाहतो. नकाशा नसलेले लढाईचे पुस्तक समजून घेणे कठीण असते, आणि नकाशात भरतीच्या वेळची व ओहोटीच्या वेळची किनाररेषा वेगळी दाखवली असेल तर लेखकाने जागा पाहिली आहे हे कळते. मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरांच्या वर फरक पडतो आणि मालवणकडे येईपर्यंत तो निम्म्यावर येतो. तेव्हा कुलाब्याच्या किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येते ही गोष्ट तिथल्या वेढ्याचा हिशेबच बदलते, आणि तोच हिशेब सिंधुदुर्गाला लावता येत नाही. मग मी तारखा पाहतो. वसईचा तह एका पुस्तकात ५ मे १७३९ ला होतो आणि दुसऱ्यात १६ मे ला. दोन्ही बरोबर असतात, कारण इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी कालगणना वापरली आणि पोर्तुगीजांनी नवी १५८२ मध्येच स्वीकारली होती. जो लेखक कोणती कालगणना वापरली हे सांगतो त्याचे पुस्तक निःशंकपणे घ्यावे. शेवटी साधनांची यादी पाहावी. कोकणच्या युद्धांवर लिहिणाऱ्याने केवळ मराठी आणि इंग्रजी कागद पाहून भागत नाही. पोर्तुगीज कागदांशिवाय चौल, वसई आणि गोव्याची बाजू अर्धीच राहते, आणि पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालवून हे दाखवून दिले आहे.

याच संदर्भात एक तक्रार मांडतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी रद्दीच्या दुकानात मला पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे दोन खंड आणि सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील १९२८ चा इंग्रजी ग्रंथ सापडला. तिन्हींवर एका ग्रंथालयाचा शिक्का होता. कोणी वाचत नाही आणि बांधणी सुटली आहे, या कारणाने ती दाखल नोंदवहीतून कमी करून वजनावर विकली गेली होती. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या त्या पंचेचाळीस खंडांतले कागद म्हणजे मोहिमेवरच्या माणसांची पत्रे आहेत. त्यांत दाण्यागोट्याची टंचाई आहे, थकलेला पगार आहे, पावसाने अडलेल्या वाटा आहेत. ते रोज कोणी वाचणार नाही हे खरे, पण वीस वर्षांतून एकदा एखाद्या मुलाने उघडले तरी तो खंड कपाटात राहण्याचे सार्थक झाले. सरदेसाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचे. त्यांनी जमवलेले कागद त्यांच्याच जिल्ह्यांतून रद्दीत जाणे मला सहन झाले नाही. जुने ग्रंथ बाद करण्यापूर्वी यादी सभासदांसाठी महिनाभर फलकावर लावावी, एवढी माझी विनंती आहे. बांधणीसाठी वर्गणी काढायची वेळ आली तर वाचक मागे राहणार नाहीत.

कोकणचे युद्ध केवळ आरमाराचेही नाही. आमच्या किती तरी गावांतून पहिल्या महायुद्धात माणसे गेली. मेसोपोटेमियात कुट येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी जी फौज शरण गेली तिच्यात मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये १० जुलै १९४४ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातील पळसगावचे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ च्या युद्धात राज्य गमावून रत्नागिरीला आणला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. इतक्या दूरच्या रणांगणांचे धागे आपल्या घरांपर्यंत पोहोचलेले असताना त्यांची माहिती देणारे पुस्तक मात्र घराजवळ मिळत नाही. घराघरांत जपलेली सैनिकांची पत्रे, पदके, पगारपत्रके आणि छायाचित्रे यांच्या प्रती काढून ग्रंथालयात एक फाइल ठेवली, तर पुढे इतिहास लिहिणाऱ्याला ती कोणत्याही छापील पुस्तकाइतकी उपयोगी पडेल. हे काम तरुण सभासद आनंदाने करतील असे मला वाटते. मूळ कागद मात्र घरमालकाकडेच राहावेत.

मार्चअखेर खरेदीची घाई असते, यादी बहुधा विक्रेत्याकडून तयार येते आणि ती तशीच मंजूर होते, हे मी एका मंडळाचा सदस्य असताना स्वतः अनुभवले आहे. त्या घाईत माझाही हात होता. म्हणून मागणी मर्यादित ठेवतो. दरवर्षीच्या खरेदीतली पाच पुस्तके युद्धेतिहासाची असावीत, त्यांतली दोन तरी समुद्रावरची असावीत, आणि ती निवडण्याआधी एखाद्या तांडेलाला, एखाद्या निवृत्त नौसैनिकाला आणि इतिहासाच्या एखाद्या शिक्षकाला विचारावे. कादंबऱ्यांचे कपाट वेगळे करावे. पुस्तक वाचून झाल्यावर वर्षातून एकदा त्यातल्या लढाईच्या जागी वाचकांनी मिळून जावे आणि भरतीच्या वेळी व ओहोटीच्या वेळी अशी दोनदा ती जागा पाहावी.

माझ्याकडे या विषयाची एकशे बारा पुस्तके आहेत, त्यांत रद्दीतून सोडवलेले ते तीन ग्रंथही आहेत, आणि नोकरीत असताना जपून ठेवलेली भरती-ओहोटीची छापील कोष्टके आहेत. जे ग्रंथालय ती एकत्र ठेवील, वाचकांना घरी नेऊ देईल आणि पावसाळ्यात कपाटाला ओल लागू देणार नाही, त्याला मी ती विनामूल्य देईन. माझ्या घरी आता कसर आणि बुरशी आवरणे मला एकट्याला जमत नाही, त्यामुळे निर्णय मे महिन्याच्या मध्यापर्यंत झाला तर पाऊस लागण्यापूर्वी पुस्तके कोरडी पोहोचवता येतील. याद्या मी हाताने लिहून तयार ठेवल्या आहेत.

आपला नम्र,
एक जुना सभासद
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग